चार सह्या

मिरजेच्या शालिनीबाई उपळेकरांनी माडीवरच्या खोल्या यल्लाप्पाला भाड्याने द्यायचं ठरवलं आणि गल्लीत गहजब झाला. यल्लाप्पा शववाहिका चालवायचा. गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मामलेदार दादासाहेब कारखानीस, दहा-बारा जणांना घेऊन बाईंच्या ओसरीवर आले. यल्लाप्पा आणि त्याची बायको दाराशी अंग चोरून उभे होते.

"बाई, अनोळखी माणूस इथं चालणार नाही," दादासाहेब म्हणाले. "गल्लीतल्या चौघांनी ओळख पटवून सह्या केल्या, तरच भाडेकरू ठेवायचा. मंडळाचा नियम आहे."

"मान्य," बाई म्हणाल्या. "साथीत आमचे हे गेले, तेव्हा गल्लीतल्या ज्या चौघांनी खांदा दिला, त्यांच्याच सह्या घ्या. ते म्हणतील तसं करीन."

दादासाहेबांनी वळून पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

"दिवसच तसे होते, बाई," ते पुटपुटले. "कोण येणार?"

"हा आला होता. चौघांचं काम ह्यानं एकट्यानं केलं. मग चारही सह्या ह्याच्याच घ्या."

एकेक जण चपला घालून निघून गेला.

बाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. नवरा गेल्यापासून बंद असलेली माडी त्यांनी उघडली. खिडकीत नवऱ्याचा चष्मा तसाच होता. बाई तो उचलायला गेल्या, तेव्हा यल्लाप्पाची बायको हळूच म्हणाली,

"राहू द्या की, काकू. बघावासा वाटला की वर येत चला."