उजवा कौल

जनावरं देवाशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. पाण्याच्या घाईत धुरपी म्हैस माळावरून धावली आणि टिटवीची अंडी तिच्या खुराखाली चिरडली. टिटवी ऊर फुटेस्तोवर ओरडली. धुरपीने मागे वळूनही पाहिलं नाही.

पण ते ओरडणं कानातून जाईना. मग ती देवराईत गेली. तिथला माकड गुरव देवाच्या दगडाला ओलं फूल चिकटवायचा. ते उजवीकडे पडलं तर देवाचा होकार, डावीकडे पडलं तर नकार.

"देवा, माफ कर," म्हणत धुरपीने नाक घासलं. फूल डावीकडे पडलं. रोज जायची, रोज डावीकडेच.

एक दिवस टिटवी कडाडली, "अंडी माझी फुटली आणि नाक तिकडे घासतेस? माझ्या दारात कधी आलीस गं जाडे?"

धुरपीने तिच्यापुढे मान टेकवली. "चुकलं बाई माझं."

"मी परत अंडी घातलीत. तो बघ कळप येतोय. अडव!"

धुरपी आडवी उभी राहिली. शिंगं लागली, रक्त आलं, पण ती हलली नाही. "देवा, माझं राहू दे. हिची पिल्लं वाचव," एवढंच म्हणत राहिली. कळप दोन्ही बाजूंनी निघून गेला. अंडी शाबूत राहिली.

पिल्लं चालायला लागली तशी टिटवीच धुरपीला देवराईत घेऊन गेली.

"लाव रे फूल," ती माकडाला म्हणाली. मग देवाकडे मान ताठ करून बोलली, "मी हिला माफ केलंय. आता तू बोल."

माकडाने हात काढायच्या आत फूल उजवीकडे पडलं.