माणकू सुताराचा पाळणा

मुलांनो, आणि मुलांना जवळ घेऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, ऐका. डोंगरातल्या वाटा माणसांनी नुसत्या पायांनी पाडल्या होत्या आणि एका गावचा निरोप दुसऱ्या गावी वाटसरूच्या तोंडून जात होता, त्या फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट.

एका खिंडीच्या अलीकडच्या गावात माणकू नावाचा सुतार राहत होता. खिंडीच्या पलीकडच्या गावात त्याची थोरली बहीण बयजा नांदत होती. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा बयजानेच त्याला भरवलं, वाढवलं. माणकू तिला आक्का म्हणायचा.

आक्काला बरीच वर्षं मूलबाळ नव्हतं. मग एके दिवशी ती स्वतःच खिंड उतरून आली आणि लाजत म्हणाली, "माणकू, तू मामा होणार बरं का."

माणकूचा आनंद गगनात मावेना. तो म्हणाला, "आक्का, बाळाचा पाळणा मी करणार. असा करीन, की राजाच्या वाड्यातही तसा नसेल!"

आक्का हसली. "साधाच कर रे. वेळेवर झाला म्हणजे झालं."

माणकूने जुना, मुरलेला साग आणला. खरं तर आधी चौकट जोडायची, तळाच्या फळ्या बसवायच्या, पाय घडवायचे. पण त्या कामात कसली गंमत? त्याने पुढची फळी घेतली आणि तिच्यावर वेल कोरायला बसला. वेलीवर कळ्या आल्या, कळ्यांशेजारी मोर आले. गावातली माणसं बघायला येऊ लागली.

"वा, माणकू! काय हात आहे तुझा!"

"अजून झालाय कुठे?" माणकू म्हणायचा, आणि उरलेला पाळणा कसा होणार ते हातवारे करून सांगायचा. ऐकणारे खूश व्हायचे. माणकूही खूश व्हायचा. संध्याकाळी त्याला वाटायचं, आज पुष्कळ काम झालं. झालेलं असायचं ते बोलणं.

फळी कोरून झाली आणि मागे उरलं ते रटाळ काम. खाचा पाडा, फळ्या तासा, रंधा मारा. त्याला बघायला कोणी येईना. माणकूचा हात जड झाला. 'उद्या बघू' म्हणून तो लोकांचे नांगर आणि दारं घेऊन बसायचा. ती कामं मात्र तो चोख पुरी करायचा, कारण ती न्यायला माणूस दारात उभा राहायचा.

अशात पलीकडून निरोप आला. आक्काला मुलगी झाली होती आणि बारशाला मामाला बोलावलं होतं.

माणकूने पाळण्याकडे पाहिलं. एक फळी सुंदर होती, बाकी सगळे ओंडके आणि तुकडे. एवढ्या मोठ्या गोष्टी सांगितल्यावर रिकाम्या हाताने कसं जायचं? त्याने निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "आक्काला म्हणावं, माणकूला ताप आहे."

ताप नव्हता. पण तो माणूस वळणाआड गेला आणि माणकूचं तोंड खरंच कडू झालं.

त्या दिवसापासून त्याला पाळणा बघवेना. त्याने त्यावर गोणपाट टाकलं आणि तो कोपऱ्यात ढकलला. खरं म्हणजे रोज थोडा वेळ बसला असता तर महिन्याभरात काम उरकलं असतं. पण तिकडे नजर गेली की तो ती लगेच वळवायचा. जितका नजर वळवायचा, तितकं ते काम त्याला डोंगराएवढं दिसायचं. कोणी विचारलं, "काय माणकू, पाळण्याचं कुठवर आलं?" तर तो खेकसायचा, "तुम्हाला काय करायचंय?" हळूहळू लोकांनी विचारणंच सोडलं.

दिवस गेले. पुन्हा निरोप आला. मुलीचे कान टोचायचे होते. आक्काने कळवलं होतं, "पोरीला मामाच्या मांडीवर बसवायचं असतं. पाळण्याचं राहू दे. नुसती मांडी घेऊन ये."

माणकू धुतलेलं धोतर नेसून निघाला. खिंडीपर्यंत भराभर चढला. वरून आक्काचं घर दिसलं. दाराला तोरण होतं, अंगणात माणसं जमली होती. त्याच्या मनात आलं, आता कोणीतरी विचारणारच, राजाच्या वाड्यात नाही तो पाळणा कुठाय? त्याचे कान तापले. तो खिंडीतल्या दगडावर बसून राहिला. अंगणात वाजंत्री वाजली आणि थांबली. मग तो उठला आणि मागे फिरला.

त्यानंतर पलीकडून निरोप आला नाही.

पुढे एका सकाळी माणकू नांगराचा फाळ बसवत होता. दारात सावली पडली. वर बघतो तर आक्का. तिचं बोट धरून एक चिमुरडी उभी होती, कानात बारीक तारेचे डूल.

"जिवंत आहेस म्हणजे," आक्का म्हणाली. "माझं काय चुकलं, तेवढं विचारायला आले."

पोर आईच्या पदराआड गेली. "आई, हा माणूस कोण गं?"

'मी तुझा मामा' एवढं म्हणायला माणकूचं तोंड उघडेना. आक्कानेही ओळख करून दिली नाही.

पोर इकडेतिकडे फिरू लागली. फिरता फिरता तिने कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. धुरळा उडाला. मोरांची फळी दिसली, तिच्या मागे न तासलेल्या फळ्या, आणि पायासाठी ठेवलेल्या एका ओंडक्याला वाळवी लागलेली.

आक्काने जवळ जाऊन ते सगळं पाहिलं. मग म्हणाली, "यासाठी आला नाहीस?"

"लाज वाटली, आक्का."

"ही माझ्या जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपली. छान झोपली. मला पाळण्यावाचून काही अडलं नाही." तिने पोरीला जवळ ओढलं. "कान टोचताना शेजारच्या गड्याची मांडी मागून घेतली. ही रडत होती, आणि मी दाराकडे बघत होते."

माणकूने पाणी आणि भाकर पुढे केली. आक्का पाणी प्यायली, भाकर नको म्हणाली आणि पोरीला घेऊन निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर माणकूने कुऱ्हाड उचलली. मोडून चुलीत घालू हा पाळणा, असं त्याला वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की जाळणं म्हणजेही लपवणंच. त्याने कुऱ्हाड ठेवली आणि सगळे तुकडे ओढत बाहेर आणले. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे दारासमोर मांडले.

दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या कामाला हात लावण्याआधी तो पाळण्याला बसू लागला. कधी एकच खाच होई, कधी फळीची एकच बाजू गुळगुळीत होई. लोक हसत. "काय रे, भाचीला आता पाळण्यात कोंबतोस की काय?" माणकूची मान शरमेने खाली जाई, पण रंधा थांबत नसे. वाळवी लागलेला ओंडका टाकून त्याने नव्या लाकडाचा पाय केला, अगदी साधा. पुढे एकही वेल कोरली नाही. आणि एके दिवशी पाळणा चारी बाजूंनी उभा राहिला.

तो डोक्यावर घेऊन माणकू भरदिवसा खिंड चढला आणि उतरला. आक्काच्या अंगणात त्याने तो खाली ठेवला. पोर जवळ येऊन उभी राहिली. पाळणा तिच्या कमरेएवढा होता.

"आता याचं काय करू?" आक्का म्हणाली.

"तुझ्या उपयोगाचा नाही, ठाऊक आहे," माणकू म्हणाला. "करीन म्हणालो होतो. उशिरा का होईना, केला."

आक्काने फळीवरून हात फिरवला. लगेच काही ती हसली नाही. पण तिने भावाला पाट मांडला आणि पोरीला सांगितलं, "हा तुझा मामा." पाळणा पुढे शेजारच्या सुनेकडे गेला, तिथून आणखी कोणाकडे, आणि त्या गावची पुष्कळ पोरं त्यात झोपली. आपली भाची मात्र माणकूला कधीच त्यात निजलेली दिसली नाही. कान टोचतानाची ती मांडीही त्याला परत देता आली नाही.

तो निघाला तेव्हा पोर ओट्यावरून म्हणाली, "मामा, परत येशील?"

'येईन की!' हे शब्द माणकूच्या ओठांवर आले, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो हळूच म्हणाला, "बाजाराच्या दिवशी सकाळी दारात बघ."

बाजाराच्या दिवशी सकाळी पोरीने दारात पाहिलं. माणकू आलेला होता.

तात्पर्य : अर्धवट कामाची लाज ते लपवल्याने वाढत जाते, रोज थोडं थोडं करून ते पुरं केलं, तरच ती दूर होते.