मालनबाईंचा फोन आणि भागोजी लाइनमन

एका तालुक्याच्या गावी एक भोळा लाइनमन होता. नाव भागोजी. कामाला वाघ, पण डोकं साहेबांकडे ठेवायला दिलेलं. साहेब सांगतील ते करायचं, आणि एकदा सांगितलेलं जन्मात विसरायचं नाही, हा त्याचा बाणा. साहेबांचं नाव परचुरे. ते टेलिफोन ऑफिसात पंख्याखाली बसून सांगत. सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या गावात मालनबाई शिंगटे राहत. त्यांच्या सुलभाला सोलापूरच्या घोगऱ्यांचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, माणसं चांगली, पसंतीही झालेली दिसत होती. "शुक्रवारपर्यंत फोनवर कळवतो," असं सांगून मंडळी गेली. मंडळी गेली आणि सोमवारी फोनही गेला. रिसीव्हर कानाला लावला तर आत नुसती खरखर, कोणी शेंगा भाजतंय जणू.

मालनबाई धावत टेलिफोन ऑफिसात गेल्या. तिथे भिंतीवर पाटी होती : 'तक्रार फोनवरूनच नोंदवावी.'

"अहो, फोनच बंद आहे," मालनबाई म्हणाल्या.

"मग बाई, तसं फोन करून सांगा," कारकून म्हणाला.

मालनबाईंनी समोरच्या औषधाच्या दुकानातून फोन केला. कारकुनाने तो खिडकीतून त्यांच्याकडे बघत बघतच उचलला आणि तक्रार नोंदवली.

परचुरे साहेबांनी भागोजीला बोलावलं. "शिंगट्यांची लाइन जमिनीखालून जाते. दोष जमिनीत आहे. फाटकापासून खांबापर्यंत खण, केबल मिळेल."

भागोजीने खणायला घेतलं. कंबरभर खोल गेल्यावर कुदळ खणकन वाजली आणि पाण्याचं कारंजं उडालं. नळाचा पाइप फुटला होता. सगळ्या गल्लीचं पाणी गेलं. मालनबाईंच्या फाटकात मात्र भरपूर आलं.

साहेब कडाडले, "अरे, खाली काय आहे ते ठाऊक नसताना घाव घालतोस? आधी चार माणसांना विचारावं, मग हात लावावा!"

"व्हय साहेब. ध्यानात ठेवतो."

आणि त्याने ते ध्यानात ठेवलं.

मंगळवारी केबल सापडली. तिच्या जोडात पाणी शिरलं होतं. तेवढं पुसलं असतं तर तिथल्या तिथे काम झालं असतं. पण भागोजी हात लावणार कसा? तो चार माणसांना विचारायला निघाला. पहिला न्हावी. तो म्हणाला, पूस. दुसरे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, पुसू नकोस, वरून हुकूम येऊ दे. तिसरा शिंपी. त्याने कापून शिवायला सांगितलं. चौथा माणूस पानाच्या टपरीवर भेटला, पण तो बाहेरगावचा निघाला. म्हणून भागोजीने पाचवा गाठला. दिवस मावळला. पाइपाला चिंधी बांधली होती ती रात्रभर ठिबकत राहिली आणि जोड पार भिजून गेला.

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "ओलं दिसलं की विचारत बसायचं नाही! पुसायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, वरून टेप मारायची. कळलं?"

"व्हय साहेब. ध्यानात ठेवतो."

बुधवारी तो प्लास्टिक आणि टेप घेऊन आला. पाणी प्यायला म्हणून घरात गेला, तर मालनबाई रिसीव्हर हातात धरून रडत होत्या. त्यांना खरोखरच धास्ती बसली होती. "दोन दिवस राहिले रे बाबा. त्यांना दुसरं स्थळ सांगून आलंय. आमचा फोन लागला नाही तर म्हणतील, आम्हालाच मुलगी द्यायची नाही." डोळ्यांतलं पाणी टपटप फोनवर पडत होतं.

भागोजीलाही वाईट वाटलं. मन मोठं हळवं होतं त्याचं. पण त्याची नजर गेली फोनवर. फोन ओला झाला होता! त्याने मालनबाईंच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. पुसला. सगळा फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळला, आडवी टेप मारली, उभी मारली, आणि ओल्याचा बंदोबस्त झाला म्हणून समाधानाने घरी गेला. बाहेरचा जोड बिचारा होता तिथेच भिजत पडला.

गुरुवारी सकाळी मालनबाईंनी ते गाठोडं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. साहेबांना आधी वाटलं, मिठाई आहे.

"गाढवा, फोन गुंडाळतात होय?" साहेब ओरडले. "ज्याला बोलायचं असतं त्याचं तोंड मोकळं ठेवावं!"

"व्हय साहेब. ध्यानात ठेवतो."

त्याच दिवशी भागोजीने खड्ड्यात उतरून केबलचा जोड पुसला आणि असा सुरेख गुंडाळला, की बघत राहावं. मग त्याला आठवलं. सगळ्या गल्लीचं बोलणं जातं ते या जोडातूनच. म्हणून त्याने जोडाचं तोंड चांगलं चार बोटं मोकळं ठेवलं. त्यातून पाणी आत गेलं. संध्याकाळपर्यंत मालनबाईंबरोबर शेजारच्या तीन घरांचे फोनही बंद झाले.

आता मात्र साहेब स्वतः आले. नोकरी लागल्यापासून खड्डा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. शुक्रवारी सकाळी त्यांनी काठावर खुर्ची टाकून भागोजीकडून जोड करून घेतला. पूस म्हटल्यावर भागोजीने पुसलं, बांध म्हटल्यावर बांधलं. बारा वाजता फोनमध्ये स्वच्छ गुणगुण ऐकू आली. मालनबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पण सोलापूरला फोन लावावा तर त्यांच्याकडे घोगऱ्यांचा नंबर नव्हता, नुसता पत्ता होता. 'फोन चालू झाला, लगेच निरोप द्या,' अशी तार करायला त्या सुलभाला घेऊन पोस्टात गेल्या.

साहेब जेवायला निघाले. जाताना त्यांनी बजावलं, "हे बघ भागोजी. खड्ड्यात जे आहे ते खड्ड्यातच राहिलं पाहिजे. वर माती टाक, धुमसाने ठोकून बसव. येणारेजाणारे काय बोलतील ते ऐकत बसू नकोस. आणि मी फोन करून बघणार आहे. फोन वाजला की उचल, अन् काम कुठवर आलंय ते सरळ सांग."

"व्हय साहेब. ध्यानात ठेवतो."

भागोजीने खड्ड्यावरची फळी काढली आणि परसातलं फावडं आणायला गेला. टळटळीत दुपार. गल्ली झोपलेली. तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट आणि हातात पेढ्यांचा पुडा, असे एक गृहस्थ उतरले. टांगा गेला. गृहस्थांनी घराची पाटी वाचत वाचत पाऊल टाकलं आणि थेट खड्ड्यात गेले.

भागोजी येऊन बघतो तर खड्ड्यात कंबरभर खोल, चिखलात रुतलेले एक म्हातारबुवा.

"अरे, हात दे, हात दे!" ते म्हणाले. "मी सोलापूरचा तात्या घोगरे. होकार द्यायला आलोय!"

"ते साहेबांना सांगा," भागोजी म्हणाला. तो ऐकत बसणार नव्हता.

त्याने विचार केला. साहेबांनी केबलचं नाव घेतलं नव्हतं. जे खड्ड्यात आहे ते, असं म्हणाले होते. आणि हे तर ओलंही आहे. आठवड्याभराची सगळी शिकवण त्याच्या डोक्यात एकदम गोळा झाली. असा आनंद त्याला कधी झाला नव्हता. या खेपेला एकही गोष्ट चुकणार नव्हती.

कोणालाही न विचारता त्याने आधी तात्यांना पुसलं. मग खांद्यापासून खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. आडवी टेप मारली, उभी मारली. बोलणारं माणूस दिसत होतं, म्हणून तोंड मोकळं ठेवलं. तात्यांनी त्या तोंडाचा पुरेपूर उपयोग केला. मग भागोजीने फावड्याने माती ओढायला सुरुवात केली. घोटे गेले, गुडघे गेले, माती कमरेला लागली, आणि घरात फोन खणखणला.

भागोजी धावला. रिसीव्हर उचलला. पलीकडे एक बाई होत्या.

"शिंगट्यांचं घर ना? लागला बाई एकदाचा! मी सोलापूरहून घोगरे बोलतेय. तुमचा फोन लागेना, म्हणून आमचे हे होकार घेऊन सकाळीच निघालेत. पोचले का हो?"

"पोचले," भागोजी अभिमानाने म्हणाला. "आल्या आल्या खड्ड्यात गेले. पुसून, गुंडाळून कमरेपर्यंत पुरलेत. आता वरून धुमस मारला की काम पुरं झालं."

पलीकडे काहीतरी धपकन पडलं.

ते भागोजीला अगदी स्पष्ट ऐकू आलं. खरखर नावाला नव्हती. लाइन दुरुस्त झाली होती.