यमाजी पाटलाचा भोपळा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नदीला बारा महिने पाणी असायचं, आणि तरीही करंजथडचं एक टोक कोरडं असायचं.

करंजथड हे खानदेशातल्या डोंगराखालचं गाव. नदीवर दगडी बंधारा आणि बंधाऱ्यातून निघालेला एक लांब पाट. पाटाच्या तोंडाशी पाटलाची केळीची बाग, तिच्याखाली मोठ्या शेतकऱ्यांचे मळे, त्यांच्याखाली लहान तुकडे. पाट जिथे संपतो तिथे शेवटची वस्ती. त्या वस्तीला गाव 'शेपूट' म्हणायचं. माणसं राहतात त्या जागेला शेपूट म्हणणारं गाव कसं असेल ते तुम्हीच ठरवा.

गावाचा पाटील यमाजी. माणूस वाईट नव्हता. तंटा सोडवताना तो कुणाचं तोंड बघायचा नाही. पण त्याची वाट घरापासून चावडीपर्यंत आणि चावडीपासून बंधाऱ्यापर्यंत. त्याखाली तो कधी उतरलाच नव्हता.

दरवर्षी सरकारातून एक पाहणीदार यायचा. कोणत्या गावाचा कारभार कसा आहे ते बघायचा आणि वर कळवायचा. तो वेशीवरचं तोरण बघायचा, चावडीच्या सारवलेल्या भिंती बघायचा, बंधाऱ्यावर उभा राहून भरलेला पाट बघायचा. मग पुरणपोळी खाऊन म्हणायचा, "उत्तम!" त्या वर्षी त्याने उत्तम कारभाराबद्दल यमाजीला भरजरी पागोटं बांधलं. सनई वाजली. आनंदाच्या भरात यमाजी घोड्यावर बसला आणि सगळ्या शिवारातून फेरी काढत निघाला. असा तो पहिल्यांदा पाटाच्या शेवटाला पोचला.

तिथे गाड्या भरल्या जात होत्या. जाती, मडकी, घोंगड्या, कोंबड्यांची खुराडी, सगळं गाड्यांवर. वस्तीतली ठगाबाई नावाची म्हातारी गाडीला दोर आवळत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली,

"पागोटं शोभतं हो पाटीलबाबा! उन्हाचं बरं. आमच्याकडे सावलीला झाड राहिलं नाही."

"कुठे निघालात, माय?"

"पाणी असेल तिकडे."

"अगं, पाट तर काठोकाठ वाहतोय! आत्ता बघून आलो."

"वाहतो की. तुमच्या दारापर्यंत वाहतो." तिने पायाने पाटातली माती उकरली. नुसता धुरळा उडाला. "गहू ओंबीवर आलाय आणि मुळाशी हे. डोळ्यांदेखत जळताना बघवत नाही, म्हणून निघालो."

असं म्हणतात, यमाजीने तिथेच पागोटं उतरवलं आणि मांडीवर घेऊन तो पाटाच्या कोरड्या काठावर बसला. मग आपल्या माणसाला म्हणाला, "पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसला एक सुका भोपळा घे आणि बंधाऱ्यापाशी पाटात सोड. त्याला हात लावायचा नाही, ढकलायचा नाही. तो आपल्या पायाने इथे आला, तर मी कारभारी. नाही आला, तर हे पागोटं खोटं. आणि तो येईपर्यंत मी जेवायचा नाही."

ठगाबाई हसली. "बसा. आम्हीही थांबतो. पण गाड्या भरलेल्याच राहतील हो बाबा!"

भोपळा सुटला. बागेजवळून डौलात गेला, मळ्यांपाशी मंदावला आणि लहान तुकड्यांच्या सुरुवातीलाच चिखलात रुतून बसला. कुणी पाट अडवला नव्हता, कुणी दांडगाई केली नव्हती. प्रत्येकाने आपल्या शेतापाशी पाटाला एक छोटंसं तोंड फोडलं होतं. एवढ्याशाने काय होतं, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

दिवस गेले. यमाजी बसून राहिला. गावाने विनवण्या केल्या, पंचांनी तर "भोपळा उचलून आणू का?" असंसुद्धा विचारलं. तो कुणावर रागावला नाही. फक्त पाटाच्या वरच्या अंगाला बघत राहिला. असं म्हणतात, त्याच्या खांद्यावर चिमण्या बसायच्या आणि दुपारी त्याची सावली एवढी लांब पडायची, की तिच्यात वस्तीतली सगळी लेकरं निजायची.

शेवटी त्याची बायको सगुणाबाई भाकरी घेऊन आली. तो वाळून काडी झाला होता. त्याला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "घरची काळजी नको हं. बाग हिरवीगार आहे. केळीचे घड तर जमिनीला टेकायला आलेत."

"यंदा एवढे?" यमाजीने विचारलं.

भाकरी तशीच ठेवून सगुणाबाई उठली आणि पाटाच्या काठाने वर चालत गेली. बागेपाशी पाटाला फोडलेलं पहिलं तोंड तिचंच होतं. तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी चिखल लोटून ते बुजवलं. पाटलीण चिखलात बसलेली बघून शेजारचा मळेवाला खाली मान घालून आपण फोडलेलं तोंड बुजवायला गेला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा.

भोपळा हलला. असं म्हणतात, तो पाण्याच्या पुढे धावत आला, आणि ज्या शेतावरून गेला तिथल्या पिकाने मान तुकवली. वस्तीत पाणी शिरलं, गव्हाच्या मुळांशी बुडबुडे आले. ठगाबाईने स्वतःच्या हाताने गाडीचे दोर सोडले आणि ओरडली, "पाटीलबाबा, आला हो तुमचा भोपळा! जेवा आता!"

पण काठावर नुसतं पागोटं होतं. यमाजी नव्हता.

कुणी म्हणतं तो पाण्यात मिसळला. वस्ती तसं मानत नाही. वस्ती म्हणते, पाणी येताना दिसलं तसा तो उठला आणि पुढच्या कोरड्या गावाकडे चालू लागला. अजून चालतोच आहे, कारण कोरडी टोकं संपलेली नाहीत.

आज करंजथडला सरपंच आहे, पंचायत आहे, भिंतीवर पुरस्कारांच्या तसबिरी आहेत. पण गहू ओंबीवर आला की एका सकाळी बंधाऱ्यापाशी भोपळा सोडतात आणि सरपंचापासून सगळे सदस्य पाटाच्या शेवटाला उपाशी बसतात. बायका भोवती जमून विचारतात, "काय हो दादा, पोटात कावळे ओरडायला लागले का?" त्या वस्तीला आता कुणी शेपूट म्हणत नाही, 'यमाजीची बैठक' म्हणतात. भोपळा आला की पहिलं ताट वाढून काठावर ठेवतात, पुढे जाणाऱ्या वाटेकडे तोंड करून. त्या ताटाला कुणी हात लावत नाही.

एखाद्या वर्षी ऊन उतरतं तरी भोपळा येत नाही. तेव्हा गाव कुणाला शिव्या देत नाही. ज्याची त्याची फावडी उचलली जातात आणि माणसं पाटाच्या काठाने वर चालू लागतात. प्रत्येक जण पहिल्यांदा आपल्याच शेतापाशी थांबतो.