थोरल्या आबांची साक्ष

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात मोठ्यांना प्रश्न विचारायची रीत नव्हती. रीत होती ती आपलं नाव सांगायची. वडीलधाऱ्या माणसासमोर जायचं, तर चार पावलं आधी थांबायचं, मोठ्याने नाव आणि घर सांगायचं आणि मगच पायांवर डोकं ठेवायचं. "मी खालच्या आळीतला म्हादू, तेल्याचा मुलगा, पाया पडतो." नाव न सांगता पुढे जाणाऱ्याला गाव उर्मट म्हणे.

गावात सगळ्यांत वडील थोरले आबा. दिवसभर ते आपल्या ओट्यावर बसत. ओट्यासमोरच तलावाचा बांध होता.

एके दिवशी त्या बांधाखाली पाटकरी मरून पडलेला सापडला. तलावाचं पाणी शेतांना वाटून द्यायचं त्याचं काम. त्याचं डोकं फुटलं होतं. त्याच सकाळी मेंढरांना पाणी पाजण्यावरून बिरू मेंढपाळ त्याच्याशी कडाकडा भांडला होता. लोकांनी बिरूला धरून आणलं. पंच जमले. मुख्य पंच आबांना म्हणाले, "आबा, तुम्ही ओट्यावरच होतात. बिरूला बांधावर पाहिलंच असेल."

आबांनी बांधाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, "पाहिलं. काठी घेऊन पाटकऱ्याच्या मागे गेला."

झालं. कोणी एकही प्रश्न विचारला नाही. बिरूला कडेलोटाची शिक्षा झाली. अमावास्येला डोंगराच्या कड्यावरून त्याला खाली लोटायचं ठरलं.

आणि मग गावात वाद सुरू झाला. शिक्षा सुनावून झाल्यावर! विहिरीवर वाद, घाण्यावर वाद, न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेल्याचाही वाद.

"बिरूच खुनी. मेंढपाळाच्या हातात कायम काठी असते."

"काठी तर तुझ्या सासूच्याही हातात असते. तिलाही लोटायचं का?"

"तो गरीब आहे म्हणून अडकला."

"गरीब माणूस खून करत नाही, असं कुठे लिहिलंय?"

दोन तट पडले. आबांचा नातू शिदू 'खुनीच' म्हणणाऱ्यांचा म्होरक्या झाला. रोज त्याच त्याच गोष्टींवर घसे बसेपर्यंत भांडण होई आणि मग सगळे जेवायला घरी जात. बांधावर जाऊन पाहावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. बिरू मात्र बंद कोठीत बसून अमावास्येची वाट पाहत होता.

पाटकऱ्याला एकच मुलगी होती, धुरपा. पंचांसमोर सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडली होती, "लोटा त्याला! माझ्या बापाला मारलंय त्याने." बापाचं तेरावं झालं आणि साक्ष दिल्याबद्दल आबांच्या पाया पडायला ती ओट्यावर गेली. चार पावलं आधी थांबली. 'मी पाटकऱ्याची लेक' असं म्हणायला तोंड उघडलं, पण हुंदका आला आणि शब्दच फुटेना. तशीच पुढे होऊन तिने आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हसून म्हणाले, "सुखी राहा, पोरी. बाप बरा आहे ना तुझा?"

धुरपा उठली. आबांच्या डोळ्यांकडे तिने पाहिलं. ते डोळे तिच्याकडे वळलेले होते, पण तिच्यावर टेकलेले नव्हते.

तिथून ती धावतच विहिरीवर गेली. "आबांना दिसत नाही! मी समोर होते, मला ओळखलं नाही त्यांनी. मग बांधावरचा बिरू कसा दिसला?"

बायका तिच्यावरच उलटल्या. "ज्यांनी तुझ्या बापाला न्याय दिला, त्यांनाच आंधळं म्हणतेस?"

"परवापर्यंत 'लोटा लोटा' म्हणून कोण ओरडत होतं, गं?"

"मीच," धुरपा म्हणाली. "चुकले. तुम्हीही चुकताय."

ती पंचांकडे गेली. मुख्य पंच म्हणाले, "पोरी, थोरल्यांच्या शब्दाची परीक्षा घेत नसतात."

"बिरूचा जीव घेतात, ते चालतं?"

"बाप तुझाच मेला ना? मग निकाल लागला तर तुला का टोचतोय?"

"माझाच मेलाय म्हणून. मला त्याचा खुनी हवाय. कोणीतरी नकोय."

पंचांनी दार लावून घेतलं.

अमावास्येच्या दिवशी टळटळीत उन्हात सगळा गाव चावडीपुढे जमला. गावचा नियम असा होता की, शिक्षेआधी साक्षीदाराने गुन्हेगाराकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हणायचं. बिरूला दोरखंडाने बांधून आणलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. आबा अजून यायचे होते.

धुरपा सरळ शिदूसमोर जाऊन उभी राहिली. "एवढा घसा फोडतोस, तुझ्या आजोबांच्या नजरेवर एवढा भरवसा आहे, तर बिरूच्या जागी तू उभा राहा."

"मी? कशाला?"

"आबांनी तुला ओळखलं, तर मी सगळ्या गावासमोर नाक घासेन. फक्त कोणी तोंड उघडायचं नाही. तूही नाही. का, घाबरलास?"

लोक हसले. शिदूचा चेहरा लाल झाला. "ज्यांच्या मांडीवर मी वाढलो, ते मला ओळखणार नाहीत? आण ते बिरूचं घोंगडं, तेही पांघरतो!"

"घोंगडं नको. तुझाच अंगरखा, तुझंच पागोटं. उद्या कोणी म्हणायला नको, पोरीने फसवलं म्हणून."

मुख्य पंच वैतागून म्हणाले, "होऊन जाऊ दे. एकदाचं हिचं तोंड तरी बंद होईल." बिरूला बाजूला नेलं. शिदू त्याच्या जागी गुडघे टेकून बसला. सुनेचा हात धरून आबा येत होते, तोवर तो मित्रांकडे पाहून डोळे मिचकावत होता.

आबा समोर येऊन थांबले. नाव सांगितलं जाण्याची वाट पाहत राहिले. कोणीच बोललं नाही. सून बोलणार इतक्यात धुरपाने ओठांवर बोट ठेवलं.

"आबा," पंच म्हणाले, "खुनी कोण ते दाखवा."

आबांनी मान किंचित तिरकी केली. समोर गुडघे टेकलेला एक आकार होता. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात उचलला आणि शिदूच्या छातीवर बोट रोखलं.

"हाच तो. न्या याला कड्यावर."

कोणी हसलं नाही. शिदूचं मिचकावणं कधीच थांबलं होतं. त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला, "आबा... मी आहे."

आबांचा हात तसाच वर राहिला. ते मटकन खाली बसले आणि चाचपडत त्यांनी नातवाचा चेहरा शोधला.

"दोन पावसाळे झाले, मला धूसर आकारापलीकडे काही दिसत नाही," आबा म्हणाले. "तुम्ही नावं सांगत गेलात, मी आशीर्वाद देत गेलो. मला वाटलं, चाललंय तसं चालेल."

"मग बिरू दिसला म्हणून का सांगितलंत?" धुरपाने विचारलं. त्या गावात थोरल्या आबांना कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"पंच म्हणाले, पाहिलंच असेल. दिसत नाही म्हणायची मला लाज वाटली, पोरी."

"तुमच्या लाजेपायी बिरू मेला असता."

"होय," आबा म्हणाले.

पंच खाली पाहू लागले. बिरूचे दोर शिदूनेच सोडले. बिरूने कोणालाही नमस्कार केला नाही. मेंढरं घेऊन तो त्याच दिवशी गाव सोडून गेला, आणि त्याला थांबवायचं तोंड कोणाला नव्हतं.

मग सगळे पहिल्यांदा शोध घ्यायला बांधावर गेले. पण तिथे आता काय सापडणार? ठसे तुडवले गेले होते, दगड हलले होते. पाटकऱ्याला कोणी मारलं, की तो शेवाळावरून घसरून पडला, हे त्या गावाला कधीच कळलं नाही. ज्या दिवसांत ते कळलं असतं, ते दिवस गावाने वाद घालण्यात घालवले होते. धुरपा पुष्कळ वेळ बांधावर बसून होती.

काही महिन्यांनी ती आबांच्या ओट्यावर गेली. चार पावलं आधी थांबली आणि मुद्दाम गप्प राहिली.

आबांनी पावलांच्या दिशेने चेहरा वळवला. "कोण आहे? मला दिसत नाही, बाळ. तूच सांग."

तेव्हा तिने नाव सांगितलं. "मी धुरपा. पाटकऱ्याची लेक." आणि मगच ती पाया पडली.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांच्या पाया जरूर पडावं, पण त्यांच्या शब्दावर कोणाचा जीव जाणार असेल, तर आधी त्यांना प्रश्न विचारावा. आपण विचारलं नाही, तर त्या चुकीचे अर्धे धनी आपण असतो.