लंगडा ठेका

रस्ता संपतो आणि थापा सुरू होतात, अशा एका आडगावात एक घोडीवाला राहत होता. त्याची पांढरी घोडी लग्नात नाचायची. ती पापडावर नाचली तरी पापड मोडत नाही, असं लोक सांगत. ज्यांनी तिला पाहिलं नव्हतं, ते जास्त ठामपणे सांगत.

तिकडची रीत अशी, की घोडी दारातल्या दगडी फरशीवरच नाचवायची. टापांचा आवाज वेशीपर्यंत गेला पाहिजे. मातीवर नाचवली की वऱ्हाडी नाकं मुरडत.

भर लग्नसराईत घोडी पुढचा डावा पाय जपून टाकू लागली. घोडीवाल्यानं म्हाताऱ्या नालबंदाला बोलावलं. त्यानं खूर पाहिला, मग गुडघ्यावर तळवा ठेवला.

"नाल ठीक आहे रे. सांधा सुजलाय. यावर भाकरी टाकलीस तर फुगून येईल, इतका तापलाय."

"मग काय करू, चाचा?"

"सकाळ-संध्याकाळ गार पाण्यानं शेक. सूज उतरली की मऊ मातीवर हळूहळू चालव. अंगानं सुटलीय, खुराक आवर; तो भार पायांवरच येतो. आणि दोन महिने फरशी नको."

"दोन महिने? तोवर या नवरदेवांच्या घरी बारशी होतील!"

"होऊ देत. तुझी घोडी तर राहील."

घोडीवाल्यानं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी लग्नाला निघाला. लंगडणं लपावं म्हणून दुखऱ्या पायात दुप्पट घुंगरं बांधली. घोडी दोन पावलं टाकी, तिसऱ्याला अडखळे. हलगीवाल्याला वाटलं, नवी चाल आहे. त्यानं हलगी तशीच वाजवली. वऱ्हाड खूळ लागल्यासारखं ओरडलं, "वा गं घोडी! पुन्हा!"

महिन्याभरात लंगडा ठेका सात तालुक्यांत गाजला. घोडीवाल्याच्या फेट्याचा तुरा इतका उंच झाला, की घारी त्याला वळसा घालून जात. घोडी मात्र ठाणावर आडवी होईना. बसलं तर उठता येणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

एकदा हलगीवाला हळूच म्हणाला, "मालक, मी अजून टिपरू उचललं नाही आणि घोडी घामानं भिजलीय."

"तू वाजव. लोक खोळंबलेत."

त्यानं वाजवलं. तिसऱ्या पावलाला घोडी दोन्ही गुडघ्यांवर फरशीवर कोसळली. लोकांना वाटलं, हाही नवा डाव! टाळ्यांचा नुसता कडकडाट. "ऊठ गं बाई, ऊठ," असं घोडीवाला लगाम धरून विनवत होता, ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

घोडीला बैलगाडीत घालून घरी आणलं. नालबंदानं गुडघे चाचपले आणि हत्यारांची पिशवी न उघडताच तो निघून गेला. घोडीवाला पाच दिवस घागरीमागून घागरी आणून तिच्या गुडघ्यांवर ओतत राहिला. सहाव्या दिवशी सकाळी गुडघे गार लागले. तो हरखला. मग त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला.

मानही गार होती.

तात्पर्य: मुकं जनावर दुखणं सांगत नाही, आणि टाळ्यांच्या गजरात ते दिसतही नाही. म्हणून हात लावून बघावं, आणि थांबायचं तेव्हाच थांबावं.