सावळीचा उजेड

झाडं-पाखरांसारखे बाटलीतले रंगही बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. रसायनं बनवणाऱ्या कुमुदबाईंच्या प्रयोगशाळेत केशरी आणि सावळी ही दोन द्रव्यं शेजारी राहायची. जांभळ्या दिव्याखाली केशरी सदैव झळकायची. सावळी मात्र पाण्यात विषारी शिसं मिसळलेलं असेल तरच उजळणार होती, आणि तशी वेळ अजून आलीच नव्हती.

पाहुणे केशरीपुढे थबकत आणि म्हणत, "काय तेज आहे!" ते ऐकून सावळीचा नुसता जळफळाट होई. "एकदा मला झळकू दे. मग हिच्याकडे कोण ढुंकून पाहतं ते बघते!"

एके सकाळी यमुना लेकराला कडेवर घेऊन आली. "बाई, याचं पोट दुखायचं थांबेना. आमच्या आडाचं पाणी तेवढं बघता का?"

कुमुदबाईंनी त्या पाण्यात सावळीचे चार थेंब टाकले. शिसं भेटताच सावळी अशी उजळली, की केशरी फिकी पडली. "बघा, बघा माझ्याकडे!" ती ओरडली.

सगळे बघत होते, पण वाहवा कुणीच केली नाही. "पाण्यात शिसं आहे," कुमुदबाई म्हणाल्या. यमुनेने तोंडाला पदर लावला. "हेच पाणी मी याला माझ्या हाताने पाजत होते हो!"

सावळीला स्वतःचाच उजेड सोसवेना.

दुसऱ्या दिवशी यमुनेने लांबच्या झऱ्याचं पाणी आणलं आणि कुमुदबाईंनी त्यातही सावळीचे थेंब टाकले. केशरीने डिवचलं, "झळक की आता!" सावळीने ते पाणी कसून चाचपलं. शिसं कुठेच नव्हतं.

ती अंधारीच राहिली, आणि यमुनेने हसून लेकराच्या ओठांना तांब्या लावला.